काळी पडलेली बाटली

आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी आलं त्या दिवशी खालच्या टाकीपाशी नारळ फुटला आणि पेढे वाटले गेले. एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. त्याआधी तीन वर्षं आम्ही टँकरवर काढली होती. सोसायटीचे चेअरमनकाका बँकेतून निवृत्त झालेले. त्या जोडणीसाठी त्यांनी सरकारी कचेरीत इतक्या खेपा घातल्या होत्या की शेवटी शेवटी तिथला शिपाईच त्यांना चहा विचारायचा. पहिला पेला त्यांनी सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला आणि म्हणाले, "गोड आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी तेव्हा मीरा रोड स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. पाणी आल्यावर दोनेक महिन्यांनी लॅबमध्ये लघवीची एक बाटली आली, मोहरीच्या तेलाच्या रंगाची. कावीळ. त्यात विशेष काही नव्हतं, पण फॉर्मवरचा पत्ता आमच्या बिल्डिंगचा होता. आठवड्याभरात तसे आणखी तीन फॉर्म आले. त्यातला एक आमच्या बरोबर खालच्या मजल्यावरच्या मुलीचा होता. दहावीतली मुलगी, सहामाही परीक्षा तोंडावर.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता कुठे पाणी आलंय. आता तू त्यात खोड काढू नकोस. परत टँकर आणायचाय का?"

टँकर मलाही नकोच होता. शिवाय पेशंटचे रिपोर्ट बाहेर बोलायचे नाहीत, हा लॅबचा नियम होता. नियम इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाळलेला नाही. घरात पाणी उकळायला लागले आणि तीन आठवडे गप्प बसले.

शेवटी लॅबच्या डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी मला एक छोटी बाटली दिली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी होती. म्हणाले, "नळाचं पाणी भरा, झाकण लावा, उबदार जागी ठेवा. संडासातले जंतू पाण्यात असले तर पाणी काळं पडेल." मी ती फ्रिजच्या मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले, तर बाटलीत शाई ओतल्यासारखं झालं होतं.

तशीच पदराखाली झाकून चेअरमनकाकांकडे गेले. त्यांनी ती चष्मा लावून, चष्मा काढून आणि उजेडात धरून पाहिली.

"वहिनी, काळं म्हणजे लोह," ते म्हणाले. "लोखंडी पाइपातून येतं ना पाणी! लोहाने रक्त वाढतं. तुम्ही लॅबवाल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?"

"काका, हे लोह नाही. टाकीत मैला येतोय कुठून तरी."

"हळू बोला," ते म्हणाले आणि उठून दार लावून आले.

रविवारी मीटिंग झाली. पहिल्या मजल्यावरचे गुजराती शेठ म्हणाले, "बेन, मेरा फ्लॅट बिकने को है. पार्टी आएगी तो ये बॉटल मत दिखाना, प्लीज." सगळे हसले. एकाने काविळीसाठी उसाचा रस सुचवला, दुसऱ्याने उसाच्या रसानेच कावीळ होते असं सांगितलं, आणि त्यातच अर्धा तास गेला. मग ठराव झाला की अशा बाटल्या आवारात कोणाला दाखवू नयेत, सोसायटीची बदनामी होते. ठराव एकमताने मंजूर झाला. माझा हात वर होता की नाही, ते मला आता आठवून बघायचं नाही.

पंधरा दिवसांनी एका सकाळी चेअरमनकाका लॅबमध्ये आले. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. रक्त घेताना त्यांनी मान फिरवली. "पुतण्याच्या लग्नात श्रीखंड खाल्लं होतं, तेच बाधलं," म्हणाले. मी बरं म्हटलं. कापूस दाबून धरत ते जायला उठले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तसली आणखी एखादी बाटली आहे का हो तुमच्याकडे?"

ती बाटली त्यांनी स्वतःच्या देवघरात, समईच्या उबेला ठेवली. तीही काळी झाली. त्याच दिवशी त्यांनी प्लंबर बोलावला आणि खालची टाकी उपसायला लावली. टाकीला लागूनच सेप्टिक टँक होता. बिल्डरने दोन्हींच्या मध्ये एकच भिंत घातली होती, आणि तिला तळाशी लांब चीर गेली होती. प्लंबर आतूनच ओरडला, "साब, उधर का माल इधर आ रहा है!" वर आम्ही पंधरा-वीस जण उभे होतो. त्यातली एक बाई धावत झाडामागे जाऊन ओकली.

भिंत नव्याने बांधली, टाकी घासून धुतली. तोवर आठवडाभर टँकर आला. नंतरची बाटली तीन दिवस स्वच्छ राहिली. त्या वर्षीच्या अहवालात 'चेअरमनसाहेबांच्या दक्षतेमुळे' असे शब्द होते. मला राग नाही आला. आजारी अंगाने रोज त्या टाकीपाशी खुर्ची टाकून ते बसले होते, हे खरंच होतं.

खालच्या मजल्यावरची मुलगी बरी झाली, पण सहामाही बुडाली. तिची आई मला जिन्यात भेटली. हातात मुलीसाठी आणलेली शहाळी होती.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना?" तिने विचारलं.

मी नियमाचं सांगायला लागले. रिपोर्ट बाहेर बोलता येत नाहीत वगैरे.

"माझ्याच मुलीचा रिपोर्ट मला नको होता," ती म्हणाली. "कावीळ झाल्यावरही ती तेच पाणी पीत होती. उकळून प्या, एवढंच सांगायचं होतं. वरून हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं."

मग ती बाजूने वर निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. तिची मुलगी मात्र जाता-येता, "काकू, कशा आहात?" असं विचारायची, आणि मला त्याचंच जास्त ओझं व्हायचं.