छत्तीस शिपायांची पाठ

"हे तं झालं समोरून. मांगून कसं हाये?"

पांढुर्ण्यात ज्यांनी ज्यांनी मास्तरांकडे कपडे शिवले, त्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. नवा शर्ट घालून गिऱ्हाईक आरशासमोर खूश होऊन उभं राहिलं की मास्तर त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गर्रकन फिरवायचे आणि त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक मान वळवून वळवून थकायचं. मास्तरांना घाई नसायची. एकदा एका ठाणेदारालाही त्यांनी असंच फिरवलं होतं, आणि ठाणेदार निमूटपणे फिरला होता.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे तसा मीही मास्तरच. पण गावात नुसतं 'मास्तर' म्हटलं की लोक त्यांच्या दुकानाकडे बोट दाखवायचे, आणि मी उरायचो 'शाळेतले सर'. याचं मला बरेच दिवस वाईट वाटत असे. मी एम.ए. आहे.

मास्तरांचं नाव खरं गाजलं होतं ते बँडपार्टीच्या ड्रेसमध्ये. लग्नसराईच्या आधी सौंसर, लोधीखेडा, पार काटोलपर्यंतचे बँडवाले त्यांच्या दुकानासमोर बसलेले असायचे. लाल कोट, छातीवर आडव्या सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. एका दुपारी मी पँट आखूड करायला गेलो, तर असाच एक कोट खुंटीला लटकत होता आणि त्याच्या खाली, मशीनच्या फळीवर, अंगठ्याच्या पेराएवढा एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता. त्याच्याही छातीवर सोनेरी दोऱ्या होत्या आणि खांद्यावर झालर होती.

"हा कोन जी?" मी विचारलं.

"नेपोलियनच्या टायमाचा हाये. आपला बँडवाला अन् हा एकाच घरचे, सर. हा लढाईत गेला अन् तो वरातीत. एवढाच फरक."

झालं होतं असं. नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांचा मोहगावकडे संत्र्याचा बगीचा आहे. जाता-येता ते मास्तरांकडे कपडे टाकायचे. हे डॉक्टर आणि त्यांचे चारसहा मित्र वर्षातून दोनदा नागपुरात जमतात आणि मोठ्या टेबलावर असले शेकडो शिपाई मांडून जुन्या लढाया खेळतात. फासे टाकतात, टेपने अंतर मोजतात. खेळात टेप लागते हे कळल्यावर मास्तरांचा त्या खेळावर लगेच विश्वास बसला. शिपाई विकत येतात ते सगळे राखाडी, रंग ज्याचे त्याने द्यायचे. मास्तरांनी हाताने केलेली काजं बघून डॉक्टरांनी आधी नमुन्याला तो एक शिपाई रंगवायला दिला. मग छत्तीस शिपायांचा डबाच दिला आणि सांगितलं, "ही तुमची पलटन. रंग तुमी द्या, अन् खेळायला बी तुमीच या."

आता तुम्ही म्हणाल, द्यायचा रंग आणि मोकळं व्हायचं. तिथेच तर गंमत आहे. ही माणसं रंगाच्या बाबतीत फार कडक असतात. कुठली पलटण, कुठलं साल, कॉलर कोणत्या रंगाची, बटणं किती, हे सगळं खरं असावं लागतं. मास्तरांची पलटण होती कुठल्याशा छोट्या जर्मन संस्थानाची, नेपोलियनच्या बाजूने लढलेली. तिच्याबद्दल फार कोणी लिहिलेलं नाही. तेव्हा मास्तर माझ्याकडे आले.

"सर, तुमी इतिहासवाले. सांगा."

मला नेपोलियन पाठ्यपुस्तकातल्या दोन पानांपुरता माहीत होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग रोज शाळा सुटली की आम्ही दोघं संगणकाच्या खोलीत. मी चित्रं शोधायचो, मास्तर बघायचे आणि मापाच्या वहीत लिहायचे. त्या वहीत एका पानावर कोणा पाटलाची कंबर, छाती, बाही, आणि पुढच्या पानावर तशाच रकान्यांत ती पलटण. कोट पांढरा. कॉलर निळी. बाहीची पट्टी निळी. बटणं पिवळी, दोन रांगा. चित्र काढणाऱ्यांवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. एका सुंदर छापील चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. "यानं जिंदगीत कोट शिवला नाही. ही बाही अशी बसूच शकत नाही. या शिपायानं हात वर केला का बाही काखेत फाटन." मी इतकी वर्षं लढायांच्या तारखा पाठ करून घेतल्या, पण लढणाऱ्याला हात वर करता येतो की नाही, हे कधी मनात आलं नव्हतं.

दोन महिन्यांत छत्तीस शिपाई समोरून रंगून झाले. काय झाले होते! मिश्या होत्या, बटणावर उजेडाचा ठिपका होता. पण वहीत शेवटचा रकाना 'पाठ' असा होता आणि तो कोरा होता. कारण एकजात सगळी चित्रं समोरून.

"पांढरा हात मारा अन् मोकळे व्हा," मी म्हणालो. "कोन पाहते मांगून?"

मास्तरांनी चष्मा काढला. "सर, खेळनाऱ्याले दिवसभर आपल्या पलटनीची पाठच दिसते. तोंड तं दुश्मनाकडे असते." मग म्हणाले, "अन् मानूस आरशात सोताले समोरून पाहते. पाठ त्याले दिसतच नाही. ते टेलरच्या भरोशावर असते. मी कोनाची पाठ अंदाजानं शिवली नाही आजपर्यंत."



नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या पलटणीचा एक खरा कोट जर्मनीतल्या एका संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. संग्रहालयाच्या पानावर त्याचा फोटो होता, अर्थात समोरून. तेव्हा ठरलं की त्यांनाच पत्र लिहून पाठीचा फोटो मागायचा. पोळा नुकताच झाला होता. मास्तरांनी प्रश्न सांगितले, मी कागदावर उतरवले. पाठीला शिवण किती, चुण्या आहेत का, अस्तर कसं लावलं. फोन आपोआप भाषांतर करून देतो हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हणाले, "मोठ्या जागी पत्र चाललं. शिकल्या मानसाच्या हातचं पाहिजे."

घरी येऊन मी फोनवरच पत्र लिहिलं. इंग्रजीत, आठ ओळी. वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवायच्या खुणेवर अंगठा ठेवला आणि उचलला.

खरं सांगतो. पांढुर्ण्याचा एक टेलर कोटाच्या पाठीबद्दल विचारतोय म्हणून ती माणसं हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला भीती होती ती माझ्या इंग्रजीला हसतील याची. आज नको, उद्या एकदा नीट तपासून पाठवू, असं करत करत आठ दिवस गेले.

"धाडलं का, सर?" मास्तरांनी विचारलं.

"धाडलं," मी म्हणालो.

तोंडातून एकदा निघून गेलं, की मग परत घेता येत नाही. त्यानंतर मास्तर रोज विचारू लागले, "आलं का उत्तर?" आणि मी रोज नकाराची मान हलवायचो. ते उलट माझीच समजूत काढायचे. "मोठे लोकं हायेत. कामात असतीन. येईन, येईन." दुकानात वरच्या फळीवर छत्तीस शिपाई उभे होते. दारातून बघितलं तर झकास, आणि मशीनकडच्या बाजूने बघितलं तर छत्तीस राखाडी पाठी. मी त्या बाजूला जायचं टाळू लागलो.

संक्रांतीच्या सुमारास नागपूरला खेळ ठरला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. तसेच घेऊन या, कोणी काही म्हणणार नाही, असं ते सांगत होते. मास्तर म्हणाले, "नाही जी, डॉक्टरसाहेब. उघड्या पाठीनं पलटन नाही आनत मी. तिकडून उत्तर येऊन राहिलं. पुढच्या खेपेला."

खेळाच्या दिवशी रविवार होता. मी दुकानावरून चाललो होतो. मास्तर इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून मशीनवर बसले होते आणि कोणाच्या तरी पायजम्याला नाडीची पट्टी लावत होते. जायचं म्हणून शर्ट आधीच शिवून ठेवला होता, तो निदान घालावा म्हणून घातला असेल. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी मी पत्र पाठवलं. तपासलंसुद्धा नाही.

उत्तर चार दिवसांत आलं. अकरा फोटो होते. लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत कोटाची पाठ कोणी विचारलीच नव्हती, तो कायम समोरून मांडलेला असतो, तुमच्यासाठी आम्ही तो काढून पालथा केला. पाठीच्या मधोमध दुसऱ्या कापडाची एक उभी पट्टी बसवलेली त्यांना आढळली होती. ती का बसवली असावी, हे तुमचे टेलर सांगू शकतील का, असं त्यांनी उलट विचारलं होतं.

मी दुकानात जाऊन फोन मास्तरांच्या हातात दिला आणि पत्र मराठीत वाचून दाखवलं. ते उठून उजेडात गेले. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले.

"हा कोट पहिले दुसऱ्याचा होता, सर," शेवटी ते म्हणाले. "बारक्या मानसाचा. तो गेला असन, मेला असन. मंग जाड्या मानसाले दिला, तं पाठीत उकलून पट्टी लावली. अन् पहा, पट्टीचं कापड हलकं हाये, पन टाके किती बारीक हायेत! लढाईच्या धावपळीत कोनीतरी बसून हे नीट केलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "बिचाऱ्याइले पाच महिने लागले शोधाले. आपन लय तरास दिला. माझ्याकडून माफी लिहा."

मला गप्प बसता आलं असतं. त्यांना काही कळलं नसतं.

"त्यायले चार दिवस लागले, मास्तर," मी म्हणालो. "पाच महिने मी लावले. मी पत्र धाडलंच नव्हतं. माझ्या इंग्रजीची मले लाज वाटली."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, हळूहळू गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. सकाळचे अकरा वाजले होते. "मले दुकान बंद करायचं हाये," ते म्हणाले.

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझी एक पँट त्यांच्याकडे होती, तीही मागायची हिंमत झाली नाही. येता-जाता दिसायचं, की ते फळीशी वाकून रंगवत आहेत. मी चहाच्या टपरीवर विनाकारण उभा राहायचो. रागावून दोन शब्द बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

सोळाव्या दिवशी त्यांनी दुकानातून हाक मारली. "सर, इकडं या जरा."

फळीवर पस्तीस शिपाई पाठमोरे उभे होते. प्रत्येकाच्या पाठीवर शिवणी, कमरेशी दोन बटणं, काडतुसांच्या पेटीचा पट्टा. पाचसहा जणांच्या पाठीत मधोमध ती पट्टी, अंगच्या कापडापेक्षा किंचित मळकी. छत्तिसावा मशीनवर होता. त्याची पाठ अजून राखाडी होती. मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"याची पाठ तुमी करा."

"मास्तर, माझ्याच्यानं नाही होनार. खराब होईन."

"होऊ द्या. बसा."

मी बसलो. दीड तास लागला. पट्टा वाकडा गेला, एक बटण दुसऱ्यापेक्षा मोठं झालं, आणि शिवण मानेपासून निघून भलतीकडेच पोचली. मास्तरांनी तो शिपाई हातात घेऊन बराच वेळ बघितला. ते तो दुरुस्त करतील असं मला वाटलं. त्यांनी तो तसाच पहिल्या रांगेत उभा केला आणि माझी पँट कागदात गुंडाळून दिली.

पावसाळ्यातल्या खेळाला मास्तर नागपूरला गेले. तोच पांढरा शर्ट घातला होता आणि डबा मांडीवर धरला होता. गाडीत वर ठेवा म्हटलं तर ऐकेनात. मी त्यांना स्टेशनवर सोडून आलो आणि दिवसभर शाळेत माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"सर, सब लोकं आपल्या बाजूनं येऊन येऊन पाहून राहिले. डॉक्टर तं पट्टीची गोष्ट सगळ्याइले सांगून राहिले. आज मुक्काम इथंच हाये, उद्या सकाळच्या गाडीनं येतो."

"अन् माझा शिपाई?"

"तो पहिल्याच मारात गेला." मास्तर हसत होते. "पन जागा सोडली नाही त्यानं. अन् ऐका, डॉक्टरनं दुसरा डबा देल्ला. पुन्हा पत्र लिहा लागते. उद्या दुकानात या. माझ्यासमोर लिहा अन् माझ्यासमोर धाडा."

दुसऱ्या दिवशी मी फोन पूर्ण चार्ज करून त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. शटर बंद होतं. नागपूरची गाडी यायला अजून अर्धा तास होता, आणि मी मनातल्या मनात पहिली ओळ इंग्रजीत जुळवत होतो.