डाव्या कानातला खाऊ

मिनेसोटातल्या आमच्या खाणीच्या गावातली निम्मी पोरं लोर्ना किवेलाच्या स्वयंपाकघरात वाढली. पाळीवर जाताना आम्ही पोरं तिच्याकडे सोडायचो. संध्याकाळी निघताना ती प्रत्येकाच्या डाव्या कानात उद्याचा खाऊ सांगायची आणि पोरं ते गुपित घरापर्यंत जपायची.

तिच्या फ्रिजच्या दारात गुलाबी औषधाच्या बाटल्या असायच्या. पोर बरं झालं की आईबापच उरलेलं अँटिबायोटिक तिला आणून द्यायचे. काही टाकून देणं आमच्याकडे पापच. कुणी कान धरून रडलं की लोर्ना चमचा भरायची. दुखणं थांबायचं. बहुतेक वेळा ते आपलं आपणच थांबतं, पण श्रेय बाटलीला.

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, "ताप फार नसेल तर नुसतं दुखणं कमी करायचं औषध द्या, दोन दिवस वाट बघा. नाहीच थांबलं तर माझ्याकडे आणा. उठसूट अँटिबायोटिक दिलंत, तर खरी गरज पडेल तेव्हा ते चालायचं नाही."

"बाईंना पोरं नसणार," लोर्ना मला म्हणाली. "रडणाऱ्या पोराला काय घड्याळ दाखवू?"

सगळ्यात जास्त चमचे तिच्या नातीला, टेसाला मिळाले. जीव होता तिचा त्या पोरीवर. टेसा आजीला फिनिशमध्ये 'मुम्मो' म्हणायची. गेल्या हिवाळ्यात टेसाचा डावा कान ठणकायला लागला. लोर्नानं गुलाबी औषध दिलं, पुन्हा दिलं. कानामागे सूज आली तेव्हा तिची लेक कारिन पोरीला घेऊन शहरातल्या इस्पितळात धावली. जंतू त्या औषधाला निर्ढावलेत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. पोर वाचली, त्या कानाचं ऐकणं गेलं.

हे त्या चमच्यांमुळेच झालं असं छातीठोक कुणीच सांगत नव्हतं. लोर्नाला त्याचा काडीचा दिलासा नव्हता. कारिन तर आईला एक शब्द बोलली नाही. मला तिचा रागच आला. चार शिव्या घातल्या असत्या तर म्हातारी रडून मोकळी तरी झाली असती. लोर्ना मला एवढंच विचारायची, "कारिन तिला परत सोडेल ना गं माझ्याकडे?"

बर्फ वितळल्यावर कारिननं सोडलं. फ्रिजच्या दारात तेव्हा फक्त दूध होतं. संध्याकाळी मी माझ्या मुलाला न्यायला गेले, तर लोर्ना सवयीनं वाकून टेसाच्या डाव्या कानात कुजबुजत होती. टेसा वाट बघत उभीच राहिली. मग तिनं आजीचं तोंड दोन्ही हातांत धरून दुसऱ्या कानाशी नेलं.

"मुम्मो, सांग ना उद्या काय ते. आज विसरलीस?"