टोन येतोय का?

परंड्याच्या मथुराबाई चाळिशीत एका तापाचं निमित्त होऊन ठार बहिऱ्या झाल्या. घरात फोन होता, पण त्यांच्या काय कामाचा? पुण्यात नर्स असलेली लेक, पौर्णिमा, फोनवर भरभरून बोलायची. नवरा आबाराव सगळं ऐकून रिसीव्हर ठेवायचे आणि ओठ ठळक हलवत सांगायचे, "बरी हाय म्हणती."

"एवढा येळ बोलली आन् एवढंच?" मथुराबाई रुसायच्या.

एका उन्हाळ्यात पौर्णिमा मांडीवर खोकं धरून एसटीनं आली. आत फॅक्सचं जुनं मशीन होतं. तिच्या हॉस्टेलच्या ऑफिसात तसलं दुसरं होतंच. तिनं आईला समोर बसवून जोडणी शिकवली. भिंतीतली तार मशीनच्या एका भोकात, फोनची शेजारच्या भोकात. मथुराबाईंनी सगळं काढून पुन्हा स्वतः जोडलं, आणि आबारावांनी रिसीव्हर कानाला लावून टोन येतोय असं खुणेनं सांगितलं.

पौर्णिमा पुण्याला परतली आणि पहिला कागद सरकत बाहेर आला. मेसच्या पाणचट आमटीपासून मॅट्रनच्या रागापर्यंत सगळं त्यात होतं. मथुराबाई हसता हसता रडल्या. तेव्हापासून मायलेकी रोज बोलू लागल्या.

पुढं एका दुपारी पुण्याहून फोन आला. ड्यूटीवरून येताना पौर्णिमाच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं. ती जागीच गेली.

मथुराबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. आबारावांनी धाराशिवला मुलाला, नागसेनला, कसंबसं कळवलं. तो जीप घेऊन निघाला. तो येईपर्यंत हिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि पोरीच्या मैत्रिणींनी फॅक्स धाडला तर? आबारावांनी भिंतीतली तार उपसली.

थोड्या वेळानं मथुराबाई लेकीला लिहायला आत आल्या. लोंबणारी तार बघून पुटपुटल्या, "उंदरानं वढली जणू." त्यांनी ती नीट बसवली.

"उचला बरं. टोन येतोय का?"

आबारावांनी रिसीव्हर कानाला लावला. टोन स्वच्छ येत होता.

"न्हाय," ते म्हणाले.

मथुराबाईंनी ओठ वाचले, मग डोळे.

"पौर्णिमाला काय झालं?"

आबारावांच्या हातातून रिसीव्हर सुटला.

अंत्यविधी झाला, माणसं पांगली. मथुराबाई नवऱ्याशी बोलेनात. तोंडाकडं बघून ते खोटं बोलले, हे त्यांना सोसवत नव्हतं. एकदा आबारावांनी भरलं ताट न जेवताच बाजूला सारलं, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या.

"ती दुपार एकल्यानं काढली तुमी," त्या म्हणाल्या. "मला बोलवायचं व्हतं. दोघं मिळून रडलो असतो."

आबारावांनी मान हलवली. मथुराबाईंनी ताट पुन्हा त्यांच्यापुढं ओढलं आणि भाकरी मोडून कालवणात कुस्करली.