थोरलीचा वेल

"तोंड काय बघताय? पाठ बघा." भोपळ्याचं फूल हातात आलं की ती आधी ते उलटं करायची. पाठीला सुपारीएवढी गाठ असली तर मादी, नुसता देठ असला तर नर. मला हे सरकारी पुस्तिकेतून कळलं होतं. तिला गोठ्यावरच्या वेलानं शिकवलं होतं.

जिचं नाव कुणी घेत नाही अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत हिला सगळे थोरली म्हणत, कारण घरात धाकटी होती. थोरलीला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरी बायको करायला कायद्यानं मनाई होती, पण तो कायदा चढण चढून वाडीपर्यंत आला नव्हता. मी तिथला ग्रामसेवक, म्हणजे तो माझ्याच पिशवीत होता म्हणा ना. पण मी उतरायचो तिच्या नवऱ्याच्या पडवीत आणि जेवायचो त्याच्याच घरी.

वेलाला आधी नुसत्या देठाची फुलं येतात. वाडीतले लोक त्यांना वांझ फुलं म्हणत आणि वेलाची ताकद खातात म्हणून खुडून टाकत. मग मागून आलेल्या माद्यांच्या गाठी पिवळ्या पडून गळायच्या. गळल्या की बोट थोरलीकडे. वांझेची सावली पडली म्हणे! वेलाला हात लावायचा नाही, अशी तिला सक्त ताकीद होती.

ती लावायचीच. पाऊस आठ आठ दिवस हटत नसे, माश्या बाहेर पडत नसत. मग सकाळी गुरं सोडायच्या आधी ती नर फूल घेऊन, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मादीच्या तोंडाला हळूच टेकवायची. "माशीचं काम हाय हे, भाऊ. ती नाय आली तर कुणीतरी करायला नको?" दुधीचं फूल पांढरं का, असं मी एकदा विचारलं. हसली. "तो फुलतो तिन्हीसांजेला. त्याची पावनी पाकोळी, रातचं फुलपाखरू. तिला काळोखात दिसायला नको? जसा ज्याचा पावना, तसा त्याचा पेहराव." माझ्या पुस्तिकेत हे नव्हतं.

धाकटीलाही तीन वर्षांत मूल झालं नाही. तिला तुडीलला माहेरी धाडून तिसरी आणायची बोलणी सुरू झाली. तेव्हा थोरलीनं मला गोठ्यामागे गाठलं. "भाऊ, माझं झालं ते झालं. ह्या पोरीला वाचवा. ग्रामसभेत सांगा, वांझ म्हणता ते फूल बाप्या हाय. नुसती मादी काय करंल? बाईवर आळ घ्यायच्या आधी बाप्यालाबी महाडच्या डाक्टराकडं न्या म्हणावं. सरकारी माणसाचं ऐकतील."

सभा तिच्या नवऱ्याच्या पडवीतच झाली. मी दोन्ही फुलं उंच धरून नर दाखवला, मादी दाखवली. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग ग्रामसेवक, घरात मूल नाय झालं तर दोष कुणाचा?" हशा पिकला. तिचा नवरा समोरच बसला होता. तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला.

"हे फक्त वेलांपुरतं आहे," मी म्हणालो.

दाराआड थोरली उभी होती. ती आत निघून गेली.

चार दिवसांनी धाकटीला पोचवायला ती स्वतः तुडीलला गेली आणि परत आलीच नाही. घरात कामाला हात हवा होता, म्हणून नवऱ्यानं मला तिची समजूत घालायला पाठवलं. निलाजरा मी, गेलो. पुष्कळ बोललो. तिनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "त्या दिशी चार शब्द मागितले व्हते, भाऊ. आज येवढं कशाला बोलताय?"

पुढे तिनं खटपट करून धाकटीची काडीमोड करून घेतली आणि तिचा दुसऱ्या घरी पाट लावून दिला. इकडे तिसरी आली. त्या लग्नात मी जेवलो. वर्ष सरता सरता तुडीलहून माणूस निरोप घेऊन आला. पडवीत, सगळ्यांदेखत सांग, असं थोरलीनं त्याला बजावलं होतं. त्यानं सांगितलं, "धाकटीला मुलगा झाला." नवरा विडी ओढत राहिला. मी पिशवीतले कागद चाळत बसलो.

काही वर्षांनी थोरली वारल्याचं मला त्याच पडवीत कळलं. तिसरीनं चहा आणून दिला. मूल होईना म्हणून तिला सोमवार धरायला लावले होते, सकाळपासून उपाशी होती. मी चहा प्यालो आणि छान झालाय म्हणालो.