‘काम चालू’चा रकाना

आर्मिंदोनं एकतीस वर्षं यंत्रावर बाटल्यांची बुचं पाडली. पोर्तोच्या दक्षिणेला, जिथे दर तिसऱ्या घरातून कोणीतरी बुचाच्या कारखान्यात जातं, तिथे. पाय पेडलवर, हातात झाडाच्या सालीची पट्टी, आणि नजर अशी की आत कीड कुठे आहे ते पट्टी उलटी असली तरी सांगेल. पण कोणी विचारलं तर म्हणायचा, “मला काय येतंय?” विनय वगैरे नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटायचं.

तसं वाटावं अशी सोय जुन्या मालकानं करून ठेवली होती. पट्टी सरकू नये म्हणून आर्मिंदोनं एकदा यंत्रावर बुटाच्या चामड्याचा तुकडा ठोकला. मालकानं तो सगळ्यांदेखत उपटला. “डोकं चालवायला मी आहे. तू हात चालव,” म्हणाला आणि तीन दिवस घरी बसवलं. त्यानंतर आर्मिंदोनं खिळा म्हणून ठोकला नाही.

मालक गेला, मुलांनी कारखाना विकला, आणि नव्या लोकांनी दुआर्ते नावाचा एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर पाठवला. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना जमवलं. “मला साहेब म्हणायचं नाही. नुसतं दुआर्ते.”

“बरं, इंजिनिअरसाहेब,” सगळे एका सुरात म्हणाले.

त्यानं भिंतीवर पांढरी फळी लावली. तीन रकाने: कल्पना, काम चालू, झालं. “काही सुचलं की लिहून लावा आणि करून बघा. परवानगी नको. चुकलात तरी चालेल!” चुकलं तरी चालेल हे ऐकून तर लोक जास्तच घाबरले. माणूस सापळा लावतोय की काय, कळेना.

आर्मिंदोकडे मात्र एक गोष्ट होती. शेजारच्या यंत्रावर एकोणीस वर्षांपासून लुसीलिया बसायची. बाई ठेंगणी, आणि पट्ट्या ठेवायचा लाकडी घोडा कोण्या उंच माणसाच्या मापाचा. दर पट्टीला तिला उजवा हात खांद्याच्या वर न्यावा लागायचा, दिवसातून हजारदा. हिवाळ्यापासून खांदा दुखत होता. घोड्याचे पाय वीतभर कापले की झालं, हे आर्मिंदोला दिसत होतं. बोलायचं कुणाशी, एवढंच कळत नव्हतं.

मार्चमध्ये त्यानं लिहिलं. चिठ्ठी नव्हे, अर्ज. कोऱ्या कागदावर, ‘महोदय इंजिनिअरसाहेबांच्या सेवेशी’ पासून ‘मंजुरी मिळावी ही नम्र विनंती’ पर्यंत, सोबत ओळखपत्राची प्रत. कचेरीत काही मागायचं तर असंच मागतात, त्याला दुसरं काय ठाऊक! दुआर्ते वाचून खूश झाला. पहिलीच खरीखुरी कल्पना! त्यानं अर्ज तसाच ‘काम चालू’ खाली लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी आर्मिंदोनं तो तिथे पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. वर कोणीतरी हातात घेतलंय म्हणजे.

“काय रे, तुझ्या अर्जाचं काय झालं?” लुसीलिया एप्रिलमध्ये म्हणाली.

“चालू आहे. वरती.”

“वरती म्हणजे कुठे? छपरावर?”

“मापं घेत असतील, नकाशे काढत असतील. आपल्याला काय समजतंय त्यातलं!”

दर शुक्रवारी दुआर्ते तिथून जाताना अंगठा दाखवायचा. “काय आर्मिंदो, कसं चाललंय?”

“चाललंय, साहेब.” दुसरं काय सांगणार? पण या माणसाला आपली एवढी काळजी का, आणि काळजी आहे तर घोडा अजून तसाच का, याचा मेळ त्याला बसेना. लाकडाचे चार पाय कापायला एवढे नकाशे लागतात? लागत असतील.

जूनमध्ये लुसीलिया डॉक्टरकडे जाऊन आली. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, “खांद्यातला स्नायू फाटलाय. शुक्रवारपासून काम बंद. बुचं पाडायचं काम पुन्हा करायचं नाही म्हणाला.”

आर्मिंदोनं डबा बंद केला. तो उठला, टोपी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा इंजिनिअरच्या खोलीत गेला.

“साहेब, तो घोडा कोण करतंय?”

“कोण म्हणजे?” दुआर्ते गोंधळला. “तुम्हीच ना?”

“मी? मी तर अर्ज केलाय.”

“अहो, मी तो ‘काम चालू’मध्ये लावला! मला वाटलं तुम्ही करताय. दर शुक्रवारी विचारत होतो!”

“आणि मला वाटलं तुम्ही.”

“पण तुम्हाला अडवलं कुणी होतं?” दुआर्तेनं विचारलं. रागानं नाही, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. आर्मिंदोला अडवणारा जुना मालक मरून सहा वर्षं झाली होती. मग कोण?

त्यानं देखभाल खात्यातली करवत घेतली. न विचारता घेतली. अर्ध्या तासात चारी पाय कापून झाले. लुसीलिया बसली, पट्टी उचलली. हात छातीच्या वर गेला नाही.

“दुखत नाही,” ती म्हणाली. मग घोड्याकडे आणि भुशाकडे बघत हळूच म्हणाली, “अर्धा तास. तीन महिने मी तुझ्या शेजारी बसून होते रे.”

आर्मिंदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दुआर्ते मोबाईल घेऊन धावत आला. अर्ज त्यानं ‘झालं’ खाली लावला होता, आणि शेजारी फोटो हवा होता. “दोघं उभे राहा. हां, असे. आता हात उंच, अंगठा वर!”

आर्मिंदोनं वर केला. लुसीलियानंही हसून करायला घेतला, पण तिचा उजवा हात छातीच्या वर गेलाच नाही.