पायरीचा दगड

साहेबाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली, तरी आमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीखाली लोक वहाणा काढतच होते. तसा हुकूम कुठेही लिहिलेला नव्हता. ठाणं बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाने लावलेली ती सवय. मी ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो.

एके दिवशी सोनगीरकडून एक म्हातारी चालत आली. तिची बकरी चोरीला गेली होती. धुळीने माखलेल्या वहाणांसकट तिने पायरीवर पाय ठेवला.

"अक्का, वहाणा खाली काढ!" शिपाई ओरडला.

"काबरं? देऊळ शे का हाई?"

"नाहीतर तक्रार घेणार नाही."

ती मागे सरली नाही. जात्याला लावलेल्या टाकीचे घाव तपासावेत तशी वाकून तिने दगडाच्या कडेवरून बोटं फिरवली.

"हाऊ दगड मना बापनी घडेल शे. काम सरनं तव्हय साहेबनी तेलेच सांगं, वहाणा काढीसन चढ. मरेपर्यंत तो चढना नही. मी चढसू, आनि वहाणा घालीसनच चढसू."

शिपायाने फौजदाराच्या खोलीकडे पाहिलं. तेवढ्यात म्हातारी वर आली आणि माझ्यासमोर ऐसपैस बसली.

"लिख भाऊ. बकरी काळी शे. एक कान फाटेल शे."

मी अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि उठून पायरीखाली गेलो. तिथे स्वतःला शिकलेला म्हणवणाऱ्या माझ्या एकट्याच्याच वहाणा पडल्या होत्या. त्या पायांत घातल्या आणि तिच्या बापाच्या दगडावर पाय देऊन वर आलो.