हवेतल्या काड्या

डुकरांच्या कत्तलखान्यात अठ्ठावीस वर्षं आतडी उपसली, पण गुलवेन तांगीला कधी मळमळलं नाही. मळमळलं ते बागादच्या तालमीत, एका मंगळवारी.

बागाद म्हणजे गावचं वाद्यपथक. पुढे बॅगपाइप, बाजूला सनईच्या जातीचे कर्कश बोंबार्द, आणि मागे कडक ड्रमची ओळ. ड्रमचं कातडं इतकं ताणलेलं असतं की चुकलेला ठोका मैदानाच्या पार टोकाला ऐकू जातो. सोळाव्या वर्षापासून गुलवेन त्या ओळीत होता. बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय? जानिकशी लग्न, चार खोल्यांचं घर, दुखरे गुडघे. माणूस म्हणून त्याला कुणी विचारलं असेल तर त्या ड्रममुळेच.

यंदा ड्रमवाल्यांचा म्होरक्या झाला एवेन. वय सव्वीस, स्कॉटलंडला दोन उन्हाळे शिकून आलेला, आणि यंदाच्या स्पर्धेत पथकाला वरच्या गटात चढवायचंच, हे डोक्यात घेतलेला.

"गुलवेन, तुझा डावा हात मागे पडतोय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "स्पर्धेत हवेत वाजव."

"म्हणजे?"

"काड्या कातड्याच्या बोटभर वर थांबव. हात हलू दे, आवाज नको. ओळ भरलेली दिसली पाहिजे."

"मग पुतळाच उभा कर की!"

"पुतळा सायडर पीत नाही रे, तेवढी बचत होईल," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

"पटत नसेल तर झेंडा धर," एवेन म्हणाला.

झेंडा! गुलवेनच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. हे कसलं वाजवणं? नुसतं सोंग. पण ओळ सोडणं त्याला जमेना. जानिकला तो काहीच बोलला नाही. ती त्याच्या भरतकामाच्या बंडीला इस्त्री करत होती. धुनेच्या शेवटच्या फेरीत काड्या खाली आणायच्या, एवेनच्या नाकावर टिच्चून वाजवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

स्पर्धेच्या दिवशी मैदानात उभं राहिल्यावर त्याची नजर सहज शेजारी गेली. शाळेतल्या मास्तरांच्या काड्याही बोटभर वर. त्यापलीकडे पोस्टातल्या बाईंच्याही. आठ ड्रम, वाजत होते पाच. आणि त्या दोघांचे चेहरे कसे, अगदी रंगात आलेले! त्याला शिसारी आली. शेवटची फेरी आली. त्याचा हात उठला, खाली यायला निघाला, आणि बोटभर वरच थांबला. तो भ्याला. दुसरं कारण नाही.

पथक वरच्या गटात चढलं. एवेनने परीक्षकाचा कागद मोठ्याने वाचला, "ड्रम: आठ जणांचा जणू एकच हात." मिठ्या मारणाऱ्यांत मास्तर सगळ्यांत पुढे. गुलवेनला त्या सगळ्यांची किळस वाटत होती.

तेवढ्यात गर्दीतून जानिक आली. एका हातात सॉसेज गुंडाळलेलं गालेतचं धिरडं, डोळे भरलेले.

"शेवटच्या फेरीतला तो जोराचा ठोका तुझाच ना? मी डोळे मिटून ओळखला. इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐकतेय, मला कोण फसवणार?"

गुलवेनने मास्तरांकडे पाहिलं, एवेनकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "माझाच."

आता एवेनला शिव्या द्यायलाही त्याला तोंड उरलं नाही.